बिस्किटांच्या पाटीखालचा कापूस

या वेळी मी हौसेने निघाले नाही. ब्लॉगवर आलेल्या एका प्रतिक्रियेने मला घराबाहेर काढलं.

इथे नव्याने येणाऱ्यांसाठी सांगते. निवृत्तीनंतर मला एक विचित्र छंद जडला आहे. काचेची तोंडं घेऊन गावोगावी उगवलेली आणि दोन-तीन वर्षांत मान टाकलेली साखळी दुकानं, पिझ्झाची हॉटेलं, आइस्क्रीमची पार्लरं शोधायची, त्यांच्या रिकाम्या इमारतीत पुढे कोण येऊन बसतं ते बघायचं आणि लिहायचं. दिवाळीनंतर अकोल्याच्या एका बंद सुपरमार्केटवर असंच लिहिलं होतं. कापसाला बरा भाव आला तेवढ्या एका वर्षाकडे बघून कंपनीने ते थाटलं. पुढच्या वाईट वर्षांत ट्रॉल्या ढकलायला गिऱ्हाईक उरलं नाही. आता आत गादी कारखाना होता: कापूस पिंजायचं यंत्र, गाद्या शिवणाऱ्या दोन बायका आणि जिकडेतिकडे कापसाचे ढीग.

तेव्हा मी काय लिहिलं, ते जसंच्या तसं देते. लपवण्यात अर्थ नाही.

‘छताला अजून “बिस्किटे व खारी” अशी पाटी लटकते आहे आणि तिच्याखाली कापसाचा डोंगर! डोंगराला टेकून एक बाई भरदुपारी घोरते आहे. पाटी उतरवण्याचेही कष्ट नकोत! वायरी लोंबताहेत. एक ठिणगी पडली की सगळं खाक. मालकाला झोप कशी लागते?’

चौतीस वर्षं मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासले. ठिणगीबद्दल बोलण्याचा हक्क आपलाच, असं मला वाटतं. पोस्ट तुम्हा सगळ्यांना फार आवडली. कुणी ‘जबरदस्त’ लिहिलं, कुणी ‘खरडपट्टी काढावी तर तुम्हीच’. त्यांत एक प्रतिक्रिया बंगळूरहून आली. लिहिणारा इमारतीच्या मालकाचा मुलगा होता. वडील गेल्यापासून व्यवहार तोच बघतो. ‘डोळे उघडलेत. भाडेकरूंना जागा सोडायला सांगतो आहे.’ त्याखाली मी उत्तर दिलं, ‘शाब्बास. वेळेवर जाग आली.’

मग मार्चमध्ये ही प्रतिक्रिया आली:

‘मॅडम, मी गादी कारखान्याची नसरीन. तुमी आमच्या इथं दोन गिलास पानी पेल्या, चहा पेल्या. अम्मीनं तुमाले पंख्याखाली बसवलं. वायर खराब हाय हे तवाच तोंडावर सांगितलं असतं तर आमी दुसऱ्या दिवशी बदलली असती. पाट्या कावून ठेवल्या हेबी तुमी इचारलं नाई. आता शेवटच्या शनिवारपर्यंत खाली करा म्हन्ते मालक. लग्नाचा सीजन हाय.’

एवढंच. शिवी नाही, शाप नाही. दोन गिलास पाणी. मी मोजले नव्हते, तिने मोजले होते.

मालकाच्या मुलाला मी लगेच मेल केली. उत्तर आलं नाही. मग कागद काढला आणि आयुष्यभर लिहीत आले तसा एक तपासणी अहवाल लिहिला: वायरी पाइपात घाला, स्विच लोखंडी पेटीत बसवा, वाळूच्या बादल्या ठेवा, रात्री यंत्राची मुख्य कळ बंद करा, इतकं केलं तर इथे गादी कारखाना चालायला हरकत नाही. खाली सही, जुना हुद्दा. तो मालकाच्या अकोल्यातल्या माणसाच्या हातात द्यायचा आणि नसरीनच्या आईची समोर उभं राहून माफी मागायची. आमच्या शाळेत सिस्टर मार्गारेट म्हणायच्या, माफी हात मागे बांधून आणि डोळ्यांत बघून मागायची. चिठ्ठीतून मागतो तो भित्रा.

मी भित्रीच निघाले. पुण्याहून अमरावतीला जाणारी गाडी वाटेत अकोल्याला थांबते. गुरुवारी सकाळी ती थांबली. मी खिडकीतून फलाट पाहिला, भजीवाला पाहिला, मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि बसून राहिले. तिकीट अमरावतीचं आहे, शनिवारला अजून दोन दिवस आहेत, वाटेत दोन जागा पाहून मग जाऊ, ब्लॉगलाही मजकूर होईल. मनाला समजावण्यात मी पटाईत आहे.

अमरावतीत उतरून आधी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर तिखटाची लाल रेघ. पुण्याच्या माणसाने सपाटून खाऊ नये, दोनच खावेत. मग रिक्षाने एका जुन्या पिझ्झा हॉटेलात गेले. तिथे आता अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली लाल रेक्झिनच्या त्याच गुबगुबीत बाकांवर पाठ्यपुस्तकं घेऊन बसतात. सॅलडच्या काचेच्या कपाटात सगळ्यांचे मोबाइल जमा. चालवणारे देशमुख सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, बोलके.

‘पयले इथं पोट्टे पिझ्झा खायले येत, आता माझं डोकं खायले येतात,’ ते म्हणाले. ‘पन बाक मजबूत हायेत जी. कंपनीनं एवढं एक काम चांगलं केलं.’

फोटो काढू का, असं या वेळी मी आधी विचारलं. माझं नाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

‘म्हन्जे तुमीच का त्या ब्लॉगवाल्या! तो अकोल्याचा गादीवाला! अरे बाप्पा, लय हसलो आमी. बायकोले वाचून दाखवलं. “पाटी उतरवण्याचेही कष्ट नकोत!” काय लिवता तुमी!’

माझं वाक्य त्यांना पाठ होतं. मुलांनाही त्यांनी ऐकवलं. बाकांवरचे दोन-चार जण हसले. एक मुलगी मात्र हसली नाही, पुस्तकात बघत राहिली. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. पण मला वाटलं, तिच्याही घरची कुणीतरी कापसाला टेकून झोपत असेल. मी फोटो न काढताच बाहेर पडले. सरांना वाटलं असेल, बाई घाईत आहेत.

स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती. मूर्तिजापूरवरून थेट, दोन-अडीच तास. दुपारच्या जेवणाला पोहोचले असते. शेजारी परतवाड्याची गाडी होती. मी परतवाड्याच्या गाडीत चढले. बायकांना एसटीत आता अर्धंच तिकीट असतं, तरी कंडक्टरने चेहरा बघून ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं फाडलं. हा अपमान मी एरवी आठवडाभर चघळला असता. त्या दिवशी त्याची आठवणही राहिली नाही.

परतवाडा म्हणजे मेळघाटचं दार. उन्हात डोंगर राखाडी दिसतात आणि जीपवाले तुम्हाला हाताला धरून चिखलदऱ्याला न्यायला बघतात. मला त्या गावातलं एक आइस्क्रीम पार्लर बघायचं होतं. पार्लर गेलं, थंड पेट्या राहिल्या. त्यांत आता मोगरा, शेवंती, झेंडू. चालवणाऱ्या सुमनताई अचलपूरच्या बाजूच्या माळी घरातल्या. पहाटे मळ्यातून फुलं येतात आणि ‘बटरस्कॉच’ लिहिलेल्या पेटीत मोगरा संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतो. हे मात्र बघण्यासारखं आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर थांबा. एरवी मी यावर पानभर लिहिलं असतं.

‘फोटो काढा, पन फुलाचा काढा जी, माझा नोको,’ सुमनताई म्हणाल्या. ‘माझे केस पाहा कसे झाले.’ मग गजरा बांधता बांधता विचारलं, ‘आता कुठी जाता?’

‘उद्या अकोल्याला.’

‘अकोल्याले? मंग अमरावतीहून सरळ गाडी होती ना. इकडं कावून आल्या?’

सहासष्टाव्या वर्षी, इंग्रजी आणि मराठी दोन्ही धड येत असताना, मला दोनच शब्द सुचले. ‘हे बघायला’ म्हणाले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘पाहा मंग.’

रात्री लॉजवर राहिले. खोली स्वच्छ, चादर ठीक, गादी फोमची.

शुक्रवारी सकाळी अंजनगाव सुर्जीवरून अकोटला आणि तिथून अकोल्याच्या गाडीत. रस्ता बरा आहे, पण पाठ सांभाळणाऱ्यांनी मागच्या चाकावर बसू नये. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झालेली, काळी वावरं उघडी. अकोटला एक बाई चढल्या. डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं एवढं मोठं गाठोडं, की दारातून आधी गाठोडं आलं आणि मग बाई.

‘ओ मावशी, ते टपावर टाका,’ कंडक्टर ओरडला.

‘टपावर तू बस,’ बाई म्हणाल्या. ‘हा माह्या पोरीचा कापूस हाय.’

गाडी हसली. गाठोडं माझ्या आणि त्यांच्या मध्ये बसलं, माणसासारखं. त्यांचं नाव शांताबाई. धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात. मी विचारलं, कापूस कुठे नेता?

‘गादी कारखान्यात. मोठीचीबी तिथंच केली. जुना मॉल हाय ना, तिथं.’

मी विचारलं, की तयार गादी विकत का घेत नाही? शांताबाईंनी माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं.

‘बाई, पयल्या येचणीचा कापूस हाय हा. सीतादहीचा. वावरात दहीभात ठिवून पूजा करतो, मंग कापूस येचाले लागतो. तो पयला कापूस पोरीसाठी बाजूले काढून ठिवतो. भाव असो का नसो, तो इकत नाई. पोरगी सासरी जाते ते आपल्या वावराच्या कापसावर निजते. दुसऱ्याचा कापूस मिसळला तर काय उपेग?’

‘मिसळू नये म्हणून काय करतात?’

‘आपन बसाचं तिथं. आपला कापूस मशीनीत जाईपावतर हालाचं नाई. सकाळी गेलं का संध्याकाळ होते. डोळाबी लागते एखांद्या वक्ती. पन भाभी इमानदार हाय. पाटीखाली ढीग लावते. मोठीच्या वक्ती आमचा बिस्किटात होता. बाजूचा ढीग साबनात होता, तो तेल्हाऱ्याच्या बाईचा. सांगाले सोपं पडते. वाचता येत नसन तर बिस्किटाचं चित्र हाय ना.’

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बिस्किटाचं चित्र मी पाहिलं होतं. त्याचा फोटोही काढला होता. पाटीखाली झोपलेली ती बाई आळशी नव्हती, राखणीला बसली होती. आपल्या मुलीच्या सासरच्या झोपेची राखण करता करता तिचा डोळा लागला होता. आणि ‘पाटी उतरवण्याचेही कष्ट नकोत’ यावर मी उद्गारचिन्ह दिलं होतं.

‘दोन गाद्या कराच्या होत्या,’ शांताबाई म्हणाल्या, ‘मोठीले दोन केल्या. औंदा एकच होईन. कापूसच तेवढा आला.’ आणि गाठोड्याची सैल झालेली गाठ त्यांनी पुन्हा आवळली.

अकोल्यात आम्ही बरोबरच उतरलो. एक टोक मी धरते म्हटलं, त्यांनी धरू दिलं नाही. जुन्या मॉलसमोर पोहोचलो तर जाळीचं शटर खाली. काचेच्या आत रिकामी फरशी आणि छताला नुसते हूक. पाट्या नव्हत्या. कुलूप नवं होतं. शांताबाईंनी डोक्यावरचं गाठोडं तसंच ठेवून एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे.

‘आता कुठी जाऊ?’ त्या म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःलाच.

शेजारच्या पानटपरीवाल्याने सांगितलं. गादीवाले मागच्या गल्लीत, आरागिरणीपलीकडे टिनाच्या शेडमध्ये गेले.

शेडमध्ये उकाडा इतका, की कापूस भाजून निघेल. एका कोपऱ्यात यंत्र, अजून सुरू न झालेलं. आणि वर, छताच्या आडव्या बांबूला सुतळीने बांधलेल्या ओळीने पाट्या. ‘डाळी व कडधान्ये’. ‘साबण’. ‘शिशू विभाग’. ‘बिस्किटे व खारी’. एकीचा कोपरा हलवताना मोडला होता, तो चिकटपट्टीने जोडलेला.

मेहरूनभाभी, नसरीनची आई, खाली बसून गादीला टाके घालत होत्या. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं, ओळखलं, आणि आधी शांताबाईंना म्हणाल्या, ‘या शांताबाई, आली का धाकटीची बारी? उतरवा बोजा.’

‘भाभी, मले बिस्किटातच टाका,’ शांताबाई म्हणाल्या. ‘मोठीचा संसार चांगला चालला.’

मी हात मागे बांधले. सिस्टर मार्गारेट म्हणत तसे. म्हणाले, ‘मी पुण्याची. मी ते लिहिलं. माझी चूक झाली. जे तुमच्यासमोर बोलायला हवं होतं ते मी तुमच्या पाठीमागे, हसत लिहिलं. मी माफी मागायला आले आहे.’ मग पर्समधून अहवाल काढला. ‘हे मालकाच्या माणसाला द्यायचं आहे. शनिवारच्या आत. वायरी दुरुस्त केल्या तर जागा सोडायची गरज नाही, असं यात लिहिलं आहे.’

भाभींनी सुई गादीत खोचली.

‘मालक खुद आले होते ना बाई. कल. बंगलोरसे. सकाळपासून चारपावतर तिथंच, जुन्या जागेत बसले होते. मी म्हनलं, बेटा, सीजन तरी काढू दे. ते म्हने, कोनी जानकार मानूस लिहून देईन का, की धोका नाई म्हनून? मले कुठून भेटते जानकार मानूस? शनिवारची वाट नाई पाह्यली, चाबी घेतली, गेले. रातीच सामान इथं आनलं.’

मी तो कागद हातात धरून उभी होते. आदल्या दिवशी सकाळी माझी गाडी अकोल्याच्या फलाटावर उभी होती. चार वाजता मी परतवाड्यात मोगऱ्याचा फोटो काढत होते.

तो कागद वाचून त्याने ऐकलं असतंच असं नाही. जागेला जास्त भाडं देणारा कुणी त्याने आधीच पाहून ठेवला असेल. पण हा बचाव आहे, आणि बचाव कसे लिहितात ते मला चांगलं ठाऊक आहे. चौतीस वर्षं मी ते नामंजूर करत आले.

मी काल सकाळी कुठे होते, तेही भाभींना सांगितलं. त्यांनी खोचलेली सुई परत काढली. तेवढ्यात आतून मुलगी आली. वीस-एकवीसची, ओढणी कमरेला बांधलेली, हातात पाण्याचा पेला. नसरीन. तिने पेला माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मला तो घेववेना.

‘पानी तो पियो,’ भाभी म्हणाल्या. ‘उन्हातून आल्या. पान्याशी काय भांडन?’

प्यायले. दुसऱ्या गिलासाला मात्र नको म्हणाले.

मग मी माझ्यासारखीच वागले. म्हटलं, मला एक गादी करून द्या. दोन द्या. काय होतील ते पैसे देते, आत्ता.

नसरीन पहिल्यांदा बोलली. ‘कापूस कुठी हाय?’

‘तुमच्याकडचा घाला ना.’

‘आमच्याकडं आमचा कापूस नसते. ज्याचा कापूस त्याची गादी. तुमचं वावर कुठी हाय?’

‘माझं वावर नाही.’

‘मंग?’ ती म्हणाली.

शांताबाई आपल्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. त्या मोठ्याने हसल्या. ‘पुन्याच्या बाईचा पैसा इथं चालत नाई वाटते!’

यंत्राची वायर माझ्या नजरेला पडली. नवी जागा, वायर तीच. उघड्या स्विचला दोन टोकं खुपसलेली, खाली कापसाची धूळ. सकाळपासून गप्प बसायचं ठरवलं होतं. पण गप्प बसूनच तर हे झालं होतं. मी भाभींजवळ जाऊन बसले आणि बोटाने दाखवलं. हा स्विच पेटीत घाला, यंत्र सुरू करायच्या आधी. या भिंतीपासून कापूस दोन हात लांब. वाळूच्या बादल्या दाराशी.

‘यही तो उस दिन बोलना था,’ भाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग नसरीनला म्हणाल्या, ‘इक्बालले बलाव. पयले पेटी, मंग मशीन.’

इलेक्ट्रिशियन येऊन पेटी बसवून जाईपर्यंत दुपार टळली. मी तिथेच होते. पेटी धरली, स्क्रू धरले. यंत्र सुरू झालं आणि शांताबाईंचा कापूस बर्फासारखा उडायला लागला. त्या उठून अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, कापसाचा शेवटचा पुंजका आत जाईपर्यंत.

निघताना मी नसरीनला म्हटलं, ‘ती पोस्ट मी आज काढून टाकते.’

‘नोको.’ ती ताबडतोब म्हणाली. तिने विचार करून ठेवलेला होता. ‘तुमी काढून टाकसान, तुमाले मोकळं वाटन. आमचं काय? अकोला गादी कारखाना असं टाकलं का नेटवर तुमचीच पोस्ट येते, दुसरं काईच येत नाई. खेड्यातल्या बायाचे पोरं पुन्याले, मुंबईले हायेत. ते पाह्यतात, मंग मायले सांगतात. तिथं जुना पत्ता हाय. आज सकाळपासून बाया कुलुपापुढं उभ्या राहून राहिल्या. तुमी लिवलेलं तसंच राहू द्या. वरती नवा रस्ता लिवा.’

‘तसंच? ते सगळं?’

‘तुमीच लिवलं ना?’

परतीची गाडी अकोल्याहूनच घेतली. या वेळी फलाट बरोबर सापडला.

घरी येऊन चार दिवस झाले. अहवाल बंगळूरला पाठवला आहे. उत्तर नाही, येईल असं वाटत नाही. जुनी पोस्ट जागेवर आहे. तुमच्या टाळ्या आणि माझं ‘शाब्बास’ही तिथेच आहे. रोज एकदा उघडून वाचते. ज्यांना ते वाचून हसू आलं होतं त्यांनी, देशमुख सरांनीसुद्धा, एकदा परत वाचावं ही विनंती. तिच्या वर आता हा मजकूर घातला आहे. नसरीनने फोनवर दोनदा दुरुस्त करून मगच पास केला:

गादी कारखाना हलला आहे. जुन्या मॉलच्या बंद शटरपाशी थांबू नका. मागच्या गल्लीत वळा, आरागिरणी ओलांडली की टिनाची शेड. मेहरूनभाभी विचारा. कापूस आपला आणा, तयार मिळत नाही. सकाळी लवकर या आणि आपला ढीग यंत्रात जाईपर्यंत बसा. डोळा लागला तरी चालतं, कुणी हसणार नाही. ढीग कोणत्या पाटीखाली आहे ते लक्षात ठेवा. पाणी न मागता मिळतं.